बिनगंजकडे

बमरोली, सुरत
३ जून १९९४

ती. वत्सलाताईस,
सुकदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र उशिरा टाकतो म्हणून तू रागावलीस, ते बरोबरच आहे. पण माझी पाळी दिवसाची असली की पोस्ट उघडं असताना मी यंत्रमागांवर असतो आणि रात्रीची असली की झोपलेला असतो. मागांच्या आवाजाने कान इतके बधिर झालेत की हल्ली पोस्टमनची हाकही ऐकू येत नाही.

खोलीबद्दल विचारलंस. चांगली आहे. एकट्याला मोठीच म्हणायची. खिडकी पूर्वेला आहे, बाहेर कडुनिंब आहे, दुपारी वारा येतो. भिंतींना चुना मारून घेतला आणि मोरी नीट केली की तुला बोलावतो. या वर्षी नक्की. आपण दोघं एका छपराखाली राहायचं, हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पावसाच्या आत घराची कौलं तेवढी फेरून घे. जिनिंग बंद पडली, दादा गेले, पण जिनिंगच्या चाळीतलं ते घर आपल्याकडे राहिलं हे फार झालं. इथे जीव नकोसा झाला की मी मनातल्या मनात त्या ओट्यावर जाऊन बसतो.

रविवारी वीज बंद असते. तेव्हा धुडकूला आपली लोखंडी लोकांची गोष्ट सांगितली. धुडकू आपल्याच बाजूचा, माझ्या मागांवर दुसऱ्या पाळीला असतो. त्याला पहिल्यापासून सगळं हवं होतं. मग सांगितलं, की आमचे दादा, म्हणजे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होते, हंगाम संपून ती बंद असली की आम्ही भावंडं तिथे खेळायचो, तिथल्या यंत्रांना हातपाय आहेत असं मानायचो. एका मिस्तरीने हे लोखंडी लोक घडवले आणि एक दिवस तो म्हणाला, मी पुढे जाऊन बिनगंजमध्ये जागा बघतो, तेल संपत आलं की मागून या. बिनगंज म्हणजे जिथे लोखंडाला गंज चढत नाही तो मुलूख. तेव्हापासून ते चालताहेत. जो पडेल त्याचे स्क्रू, पट्टे, चाकं बाकीचे वाटून घेतात. आता अशी वेळ आली आहे की मिस्तरीचा शब्द ज्यांनी कानाने ऐकला त्यांतला एकही अख्खा उरलेला नाही, तरी सगळे चालतात.

धुडकूने विचारलं, मग पोचतात का? मी म्हटलं, ठरलेलं नाही. एक तुकडा मी सांगतो, एक ताई सांगते आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याने पुसायचं नाही, एवढा एकच नियम आहे. त्याला हे काही पटलं नाही.

गेल्या पत्रात तू त्यांना वाळूत रुतवून ठेवलं होतंस. मी त्यांना बाहेर काढलं. आता पुढे नदी आहे आणि लोखंडाला पोहता येत नाही. काढ आता तू वाट.

तुझा,
सुकदेव


सावखेडे
२१ जून १९९४

चि. सुकदेव यास अनेक आशीर्वाद.

कौलं फेरली. घर ठणठणीत आहे. तुझा ओटाही जागेवर आहे, त्यावर भाईदासची शेळी बसते एवढंच. भाईदास शेजारधर्म पाळतो, पण त्याच्या शेळीला तो कोणी शिकवलेला नाही.

तुझी ती मोरी काही बांधून होत नाही. मागच्या वर्षी मोरी, त्याच्या मागच्या वर्षी मोरी. एवढ्यात लोक विहीर खणतात. मला चुन्याच्या भिंती नकोत रे. नवऱ्याने टाकलेल्या बाईला गावात कोण काय बोलतं ते मी ऐकून घेते, माझं कातडं जाड आहे. पण संध्याकाळी दोन भाकरी टाकायच्या आणि दुसरी कोणासाठी ते माहीत नसायचं, याचा मला कंटाळा आला आहे. तू खिडकीत बस, मी चुलीशी बसते, कोणी कोणाशी बोललं नाही तरी चालेल.

तू म्हणशील तर दसऱ्याच्या आधी येते. घराला कुलूप लावून किल्ली भाईदासकडे ठेवीन. आपल्याला पुन्हा कधीही यायला घर आहेच.

नदीचं सोपं आहे. त्यांनी पोहायचं नाही, तळाशी उतरून चालत जायचं. पाणी डोक्यावरून गेलं तर गेलं. पलीकडे निघाले तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी लोखंडी बाई म्हणाली, पाण्यात मला मिस्तरीच्या पावलांचे ठसे दिसले. खरं की खोटं, कोणी विचारलं नाही. त्यांना चालायला तेवढं पुरलं.

तुझी,
वत्सला


बमरोली, सुरत
९ ऑगस्ट १९९४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

दसऱ्याच्या आधी नको. इथे पाऊस फार झाला आहे. पांडेसराकडच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, माणसं चपला हातात घेऊन कामाला जातात. कडुनिंबाची एक फांदी खिडकीवर पडली, ती अजून काढायची आहे. दिवाळीत कारखाने बंद होतात, लाभपाचमीला उघडतात. त्या सुट्टीत मीच तुला न्यायला येतो. घर झाडून ठेव.

थोडा खोकला आहे. धाग्याची भुकटी नाकातोंडात जाते, इथे सगळ्यांनाच असतो. काळजी करण्यासारखं नाही.

म्हातारीचे ठसे मला आवडले. पुढचं असं. नदीतून निघाल्यावर पुढे चालणाऱ्याच्या गुडघ्यावर तांबूस डाग पडला. त्याने कोणाला दाखवला नाही. वर फडकं बांधलं आणि म्हणाला, ऊन लागतंय. लोखंडाला ऊन लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पुढे चालणारा तोच होता, म्हणून कोणी फडकं सोडलं नाही.

तुझा,
सुकदेव


सावखेडे
१६ सप्टेंबर १९९४

चि. सुकदेव यास आशीर्वाद.

तुझं फडकं मी सोडणार आहे.

लहानपणी ताप आला की तू गोष्टीतल्या कुणाला तरी ताप आणायचास, मी विसरले नाही. मी पुढच्या शुक्रवारी, तेवीस तारखेला, अमळनेरहून सकाळच्या गाडीने निघते. नको म्हणणारं पत्र पाठवू नकोस, ते येईपर्यंत मी गाडीत असेन. स्टेशनवर येऊ नकोस, पाळी बुडेल. पत्ता माझ्याजवळ आहे आणि तोंडही आहे, विचारत येईन. दादांचा पितळी तांब्या, दोन गोधड्या आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेतलं आहे.

इकडचं सगळं नीट लावून निघते आहे. घराची चिंता करू नकोस.

गोष्टीचा तुकडा तिथे आल्यावर तोंडीच सांगेन. आता पत्रं लिहायची गरज उरणार नाही.

तुझी,
वत्सला


बमरोली, सुरत
२५ सप्टेंबर १९९४

चि. सुकदेव,

हे पत्र तुला भाईदासच्या पत्त्यावर लिहिते आहे. तू सावखेड्याला आहेस आणि मी तुझ्या खोलीत आहे.

सकाळी निघाले तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. नंदुरबारला आमची गाडी बाजूला काढून उभी केली. समोरून सुरतेची गाडी आली. टपावर माणसं, दारांना माणसं, सगळ्यांच्या नाकातोंडाला रुमाल, ओढण्या, धोतराचे सोगे बांधलेले. आमच्या डब्यात मी आणि एक म्हातारा होतो. पलीकडून एक बाई ओरडून म्हणाली, सुरतेत प्लेग आला आहे, उतरा. मला वाटलं, आता तर गेलंच पाहिजे, सुकदेव तिथे एकटा असेल. त्या गाडीत तू होतास, असं आता धुडकू सांगतो. मी गोधड्या मांडीवर घेऊन खिडकीतून बघत होते आणि तू तुझ्या बाजूने माझ्याकडे पळत होतास.

धुडकू दारात बसला होता. मला बघून म्हणाला, "ताई, बठ्ठा लोके पयी गयात, तुम्ही आठे कसाले उन्यात? सुकदेव ते तुमनाकडेच गया." सगळे पळून गेले होते, तो स्वतः गेला नाही, कारण गावात त्याचं कोणी नाही.

मग मी आत आले. सुकदेव, मी रागावलेली नाही, म्हणून नीट वाच. खोलीत भिंतीला लागून खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेवर दोघांचा हक्क आहे, एक पाळीवर असताना दुसरा झोपतो. तुझी अर्धी खाट धुडकूने दाखवली. त्याने तुझी वळकटी नीट बांधून ठेवली होती. मी पूर्वेची भिंत शोधली. तिथे एक खिळा आहे आणि त्यावर तुझी लुंगी टांगली आहे. खिडकी नाही. कडुनिंब कुठेच नाही, गल्लीत झाडच नाही. इतकी वर्षं मी संध्याकाळी त्या खिडकीत बसायचे रे.

मला लिहिलं असतंस तर काय झालं असतं? मी काय तुला हसले असते?

खाटेखाली औषधाची बाटली सापडली. ती अर्धी आहे. तिथे दाखवून घे, लाजू नकोस.

तुला माझ्याबद्दल काय कळलं असेल ते मला ठाऊक आहे. मी ते मुद्दाम लिहीत नाही. आधी तू लिही.

तुझी,
वत्सला


सावखेडे
६ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र भाईदासने काठीच्या टोकाला लावून दिलं. लिहितो.

गाडीतून उतरून चालत गावाच्या वेशीवर आलो तर पोरं काठ्या घेऊन उभी होती. ओळखीचीच. म्हणाली, "सुरतथीन उना तो गावमा नको." मी म्हटलं, मी चाळीतल्या घरी जातो, गावात येतच नाही. ती एकमेकांकडे बघायला लागली. मग एकाने हात दाखवला. चाळीच्या जागी विटांचा ढीग होता. मला आधी वाटलं, मी भलत्या वाटेने आलो. मग आपल्या ओट्याचा दगड दिसला, त्यावर भाईदासची शेळी होती.

भाईदासने लांबून सांगितलं. जिनिंगच्या मालकांनी जागा विकली, मार्चमध्ये चाळ पाडली. तू देवळाच्या धर्मशाळेत राहत होतीस. म्हणजे कौलं फेरली असं लिहिलंस तेव्हा कौलंच नव्हती. ताई, मी त्या ओट्यावर कितीदा जाऊन बसलो ते तुला कसं सांगू.

दोघंही एकाच आईची पोरं. कोण कोणाला बोलणार?

सुरतेहून आलेल्या सगळ्यांना जिनिंगच्या गोदामात ठेवलं. तेच गोदाम. खिडकी एकही नाही, वर छपराजवळ झरोका, आठवतं का? यंत्रं गेली, जमिनीत नुसते बोल्ट उरलेत. बाहेर बॉयलर तेवढा आहे. गोळ्या दिल्या, आठवड्याने बाकीच्यांना घरी सोडलं. मला सोडलं नाही, कारण मी खोकतो. अमळनेरचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, तो आजार नाही, हा जुना आहे, छातीचा, आणि फार दिवस अंगावर काढला आहे. मागांवर पुन्हा उभं राहायचं नाही. हे गावाला सांगितलं तर गाव म्हणतं, आजार तो आजारच. भाईदास भाकरी बाहेर ठेवून जातो.

आपल्या लोखंडी लोकांचं आता मला सुचतं ते असं. चालून चालून ते एका अंगणात आले. तिथे ऐरण होती, भाता होता, हातोडे होते, सगळ्याला गंज. म्हातारीने ओळखलं. ही मिस्तरीचीच जागा, जिथून ते निघाले होते. तो पुढे गेलाच नव्हता. कोपऱ्यात त्याची हाडं होती. बिनगंज त्यानेही पाहिलेलं नव्हतं.

हे पुसता येणार नाही. नियम तुझाच आहे.

तुझा,
सुकदेव


बमरोली, सुरत
२० ऑक्टोबर १९९४

चि. सुकदेव यास आशीर्वाद.

तुझा तुकडा वाचून मी तुला शिव्या दिल्या, मग रडले, मग पोळ्या लाटायला गेले. उषाबाईंच्या खानावळीत काम मिळालं आहे. माणसं परत यायला लागली आहेत, माग सुरू झालेत. दसऱ्याला धुडकूने तुझ्या मागांना झेंडूची माळ घातली आणि तुझ्या नावाने नारळ फोडला. आता तुझ्या जागी दुसरा कोणी आहे. अर्ध्या खाटेवरही तोच. मी रात्री खानावळीतच, भांड्यांच्या मांडणीखाली गोधडी टाकते.

तुला इकडे आणायचं म्हणून उषाबाईंशी बोलले. माझ्या चार घासांत तुझं भागवीन, तू नुसता पडून राहा, असं म्हटलं. बाई वाईट नाही. तिने हात धरून सांगितलं, "तू ऱ्हाय बहीन, पन भाऊले आठे नको लयू. खोकला ऐकीसन माणसे जेवाले येतस नही." बमरोलीत आणि पुढे कतारगामपर्यंत खोल्या विचारून आले. आजारी माणसाचं नाव काढलं की दार लोटतात. सध्या सगळं शहर खोकल्याला भितं.

आणि मी तिकडे येऊन काय करू? धर्मशाळेतही आता सुरतेहून आलेली म्हणून मला कोणी घेणार नाही. तू म्हणशील तर तरी येते. गोदामात तुझ्याजवळ बसते. पण मग भाकरी कुठून येणार, हे मला सुचत नाही. मी हे रोज पोळ्या लाटताना मनात मांडते आणि रोज तिथेच अडते.

तुझी हाडं मी पुसली नाहीत. पण मी पुढे जोडते. अंगणात आले ती एक टोळी होती. पूर्वी कधीतरी नदीपाशी त्यांच्यातली काही जणं वेगळी झाली होती, ती दुसऱ्या वाटेने गेली. आता दोन टोळ्या समोरासमोरून येताहेत. दोघींच्या मध्ये एक उजाड माळ आहे. त्यांची भेट होते. ते एकमेकांना काय विचारतात, ते तू सांग. तुला त्यांना एकत्र बसवायचं असेल तर बसव, मी पुसणार नाही.

तुझी,
वत्सला


सावखेडे
११ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

येऊ नकोस. तिथे निदान तुझ्या पोटाची सोय आहे. इथे आपण दोघं एकमेकांकडे बघत उपाशी बसू, ते मला बघवणार नाही. अक्षर वाकडं आहे, त्यावर जाऊ नकोस. आडवा पडून लिहितो आहे.

बॉयलर परवा गेला. भंगारवाल्याने तोडून ट्रकमध्ये भरला. मी दारातून विचारलं, कुठे नेतो? म्हणाला, सुरतेला. मला हसू आलं आणि खोकला आला. दादांनी आयुष्यभर ज्याला तेल घातलं तोही शेवटी तुझ्याकडेच आला बघ.

भेट झाली, ताई. दोन्ही टोळ्या माळावर समोरासमोर थांबल्या. कोणी कोणाला ओळखलं नाही, कारण जुने भाग कोणाच्याच अंगावर राहिले नव्हते. अंगणातून आलेल्यांनी विचारलं, तुम्ही आलात तिकडे कसं आहे? दुसऱ्यांनी त्यांचे मोडके गुडघे बघितले आणि खरं सांगवेना. ते म्हणाले, चांगलं आहे, वारा येतो, झाड आहे. मग त्यांनी विचारलं, आणि तुमच्याकडे? हे म्हणाले, घर ठणठणीत आहे, कौलं नुकतीच फेरलीत. दोघांनाही फार बरं वाटलं. त्यांनी एकमेकांच्या सांध्यांत उरलेलं तेल घातलं. मग जो तो दुसऱ्याने सांगितलेल्या दिशेला चालायला लागला.

मला त्यांना एकत्र बसवायचं होतं. फार प्रयत्न केला. बसले नाहीत.

बाकी इकडे सगळं ठीक. खोकला पुष्कळ कमी आहे. भाईदासने मला गोदामातच खिडकीजवळ जागा करून दिली आहे. दुपारी वारा येतो.

तुझा,
सुकदेव


बमरोली, सुरत
१९ नोव्हेंबर १९९४

चि. सुकदेव यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खिडकी मिळाली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिच्यातच बसत जा, गार हवा असली तर अंगावर काहीतरी घे.

इकडेही सगळं ठीक आहे. उषाबाईंनी मला मागची खोली दिली. दोघांना पुरेल एवढी आहे, मोरी बांधलेली आहे. तुझी खाट पूर्वेच्या बाजूला टाकली आहे, अख्खी. मी रोज दोन ताटं वाढते.

बरा झालास की ये. घाई नाही.

तुझी,
वत्सला